शहाडची खबर

आळीत कोणाची म्हैस व्याली, हे मला कोणी येऊन सांगावं लागत नाही. अश्विनातली उन्हं तापायला लागली, भाताच्या लोंब्या खाली वाकल्या, टेकड्यांवरच्या गवताला भाजल्यासारखा रंग चढला, की एके सकाळी वारा येऊन माझ्या नाकाशी चुगली करतो. चीक, गूळ, वर किसलेलं जायफळ. भिवंडीत कोणाच्या चुलीवर खरवस चढला तरी मला कल्याणात बसून कळतं. एकदा तर नुसत्या वासावरून मी म्हशीचा रंग सांगितला होता. काळा सांगितला. काळाच निघाला. तरी लोक माझ्यावर संशय घेतात.

यंदा वास लांबून आला नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या विनायकाच्या घरातून आला. त्याच्या बायकोने तांब्याभर चीक आमच्याकडे पाठवला, आक्काने तो उकडला, वड्या कापल्या आणि एक वडी वाटीत घालून माझ्यापुढे ठेवली. आक्का माझी थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आली. माझी बायको लग्नाच्या पहिल्याच वर्षी वारली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. पुन्हा लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं की मी दर वेळी नवीन कारण सांगतो. त्यातली दोन-तीन फारच छान आहेत.

मी खरवस खात नाही. आक्काला ते ठाऊक आहे. तरी ती दर वर्षी वाटी ठेवते आणि ठेवताना दर वर्षी एकच प्रश्न विचारते, "शहाडची काय खबर रे?"

यंदा ती विचारणार एवढ्यात विनायक दारात येऊन उभा राहिला. डोक्याला टोपी नाही, तोंड उतरलेलं.

"नाना," तो म्हणाला, "आमचं पारडू गेलं हो."

तो कशाला आला होता ते मला त्याच्या तोंडावरूनच समजलं. पण त्याला ओसरीवर तसाच उभा ठेवून मला आधी काही वर्षं मागे जायला हवं. जाऊन येतो. त्याला घाई आहे, मला नाही.

चंद्री ही आमची म्हैस. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री. पारनाक्याच्या कट्ट्यावर मी तिच्याविषयी जे जे सांगितलं आहे, त्यातलं बरंच तुम्ही सोडून द्या. ती डुंबायला उतरली की तळ्याचं पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीवर चढायचं, हे सोडा. तिच्या दुधावरच्या सायीवर मांजर झोपायचं आणि बुडायचं नाही, हेही सोडा. दुर्गाडीखाली एकदा दुधाची चरवी कलंडली आणि खाडी ठाण्यापर्यंत पांढरी झाली, कोलशेतच्या कोळ्यांनी घाबरून जाळी वर ओढली, हे मला सोडवत नाही, पण सोडा. एवढं करून खाली उरतं ते असं: ती मोठी म्हैस होती, दूध चांगलं द्यायची आणि आक्काच्या मागे मागे परसभर हिंडायची. आक्का तुळशीला पाणी घालायला गेली तरी ही मागे. आक्का ओरडायची, "अगं, जप तरी करू देशील की नाही मला?" आणि चंद्री शेपटी हलवून उभी राहायची, जप संपेपर्यंत.

तिला आक्कानेच वाढवली होती. दुसऱ्या वेताची म्हैस, ऐन भरातली.

मी तेव्हा कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून होतो. गवताचा हंगाम म्हणजे काय ते ज्याने मालधक्का पाहिला नाही त्याला कळायचं नाही. दसऱ्याच्या आधीपासून डोंगरांची हजामत सुरू व्हायची. मलंगगडाच्या वाटेवरचे माळ, गांधारीकडची कुरणं, सगळी उभ्या गवतानिशी ठेकेदारांनी घेतलेली. कापायचं, वाळवायचं, दाबायचं, गठ्ठे करून सुतळीने आवळायचं आणि रेल्वेच्या वाघिणींत भरून मुंबईला धाडायचं. तिकडे घोडागाड्या होत्या, पलटणींचे घोडे होते, तबेले होते. मुंबईत घोडे किती होते ते मी मोजले नाहीत, पण प्रत्येकाला चार चार तोंडं असली पाहिजेत असा माझा अंदाज. माझ्या डोक्यात, कानात, जेवणाच्या पानात गवताचं कूस असायचं. शिंकलो की शिंकेतून पेंढी बाहेर पडायची.

आणि ज्या डोंगराखाली आम्ही राहत होतो त्या डोंगरावर आमच्या जनावरांना तोंड लावायला काडी उरायची नाही. चंद्री भाताचा पेंढा खायची. पुढे पुढे तोही मोजून.

पेंढाही मोजायची पाळी का आली? दुधामुळे. आणि दूध माझ्यामुळे.

झालं एवढंच की मुंबईचा एक दूधवाला मालधक्क्यावर काही कामाला आला होता. गाडीला उशीर होता, मला श्रोता मिळाला. मी त्याला चंद्री सांगितली. सायीवरच्या मांजरापर्यंत आलो. आमच्या कल्याणचे लोक माझं बोलणं चाळणीतून गाळून घेतात. तो बिचारा मुंबईचा, त्याने न गाळता घेतलं. म्हणाला, "उद्यापासून सकाळच्या गाडीला चरव्या चढवा. रोज."

आता एखाद्याने म्हटलं असतं, अहो, मी थोडं वाढवून बोललो. मी ते म्हटलं नाही. जन्मात म्हटलं नाही, तेव्हा कुठून म्हणणार?

दूध जाऊ लागलं. आळीने पाहिलं. ज्याच्याकडे एक म्हैस होती त्याने तीन बांधल्या, ज्याच्याकडे तुळस होती त्याने तुळस सरकवून म्हैस बांधली. परसात, पडवीत, विहिरीच्या काठाला. शेणाचे ढीग भिंतीच्या वर गेले. माशा इतक्या झाल्या की माणूस बोलायला तोंड उघडायचा आणि बोलायच्या ऐवजी गिळायचा. ही थाप नव्हे. तळ्यात दुपारी उतरणाऱ्या म्हशींनी तळ्याचं पाणी आधी तपकिरी झालं, मग हिरवं, मग त्याला रंगच राहिला नाही, नुसता वास राहिला. तेच पाणी लोक भांड्यांना वापरायचे. चरव्यांत ते किती पडत होतं ते ज्याने त्याने आपापल्या देवाला सांगावं. माझ्या चरवीत पडत होतं. कबूल केलेलं दूध पुरं करायचं, तर दुसरं काय करणार?

आळीत त्या वर्षी हगवणीने घर सोडलं नाही. मुलांची तोंडं सुकली. पोरांना दूध द्या, असं वैद्य सांगून जायचे. दूध सकाळच्या गाडीने गेलेलं असायचं. म्हशींच्या आळीतली पोरं तांदळाची पेज पिऊन मोठी होत होती आणि मुंबईत आमचं दूध कोणाच्या पोटात जात होतं, पुढे त्या पोटाचं काय झालं, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. कल्याणातून गेलेली चरवी रिकामी होऊन परत यायची, एवढीच बातमी मला मिळायची.

त्या वर्षी भाद्रपदात चंद्री व्याली. रेडा झाला.

आमच्याकडे गोठा बघायला जानू होता. खाडीकडच्या आगरी वस्तीतला, माझ्याहून थोडा मोठा, मिठागरात उन्हं काढून काढून चामडं झालेला. त्याने पारडाचा पाय उचलून पाहिला आणि खाली सोडला.

"रेडी असती तं बरा झाला असता, नाना," तो म्हणाला. "रेडीला पाजतान. ती उंद्या दूध देनार. ह्यो काय देनार?"

सुरुवातीला पारडासाठी एक सड राखला. मग तोही सकाळी राखायचा नाही, फक्त संध्याकाळी. मग असं ठरलं की पान्हा फुटेपर्यंत त्याने तोंड लावायचं, पान्हा फुटला की ओढून खुंट्याला बांधायचं. असं कोण ठरवत होतं? मीच. पण ठरवतोय असं वाटायचं नाही. गाडीची वेळ ठरवत होती. पारडू खुंट्याला उभं राहून भिंत चाटायचं. भिंतीला खार फुटलेला होता. पुढे पुढे ते चाटताना गुडघ्यावर बसायला लागलं.

अश्विनात गेलं. कोजागिरीच्या पुढच्या आठवड्यात.

मी त्याला उपाशी मारलं असं मला कोणी म्हणालं नाही. आळीत त्या हंगामात घरोघरचे रेडे असेच गेले. आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं असंही नाही. वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं. आत पाहिलं तर तिथे काही नव्हतं. उन्हाळ्यात विहिरीत पोहरा सोडावा आणि दोर संपेपर्यंत आवाजच येऊ नये, तसं.

चंद्री दोन दिवस रेकली. तिसऱ्या दिवशी रेकणं थांबवलं आणि दूधही. जानू सकाळी चरवी तशीच घेऊन आला.

"तोंड फिरवून उभी रायलीय, नाना. पान्हाच नाय सोडत. कास दगडावानी झालीय."

आक्का चुलीपाशी होती. ती उठून बाहेर आली. "मग आटू दे तिला," ती म्हणाली. "तिचं पोर गेलंय. तिच्या मागे लागू नका."

"आक्का, मुंबईला शब्द दिलाय."

"तुझे शब्द! त्या सायीवर मांजर झोपवणारा तूच ना?"

जानू हसला. मी नाही हसलो. मी तिला समजावलं, एक हंगाम निघू दे, फक्त होळीपर्यंत. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "ठीक आहे. पण मला एक शब्द दे. मांजराचा नको, खरा दे. आटली की तिला विकायची नाहीस. बैलबाजारात नाही, जनावरं घेणाऱ्या कोणा हेड्याला नाही. याच खुंट्यावर म्हातारी होईल ती."

"दिला."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून दे."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उजवा.

पारडू गेलं की त्याचं कातडं सोलून, त्यात पेंढा भरून, शिवून ते म्हशीपुढे धरायचं, ही काही माझी अक्कल नव्हे. गोठेवाल्यांत हे पूर्वीपासून चालतं. म्हैस ते हुंगते, चाटते आणि पान्हा सोडते. कातडं मिठाने चोळलेलं असलं की जास्त वेळ चाटते. सोलायचं काम ज्यांचं त्यांनी सोललं. जानूने कातडं राख-मीठ लावून वाळवलं. शिवायला चांभारआळीत नेलं, तर तिथून निरोप आला: "नानांना सांगा, पायताण सांगाल तसं शिवून देतो. लेकरू शिवत नाही."

म्हणून मीच शिवलं. मालधक्क्यावरचं दाभण माझ्याकडे होतं, सुतळी होती, आणि गठ्ठ्यातून सुटलेलं गवत कोण मोजतो? माझ्यासारख्या घरातल्या माणसाने मेलेल्या कातड्याला हात लावायचा म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. मी गोठ्यात बसून दार लावून शिवलं. चार पाय, मान, पोट. हिरवट, वासाचं, पहिल्या कापणीचं गवत दाबून दाबून भरलं. जिवंतपणी त्याच्या पोटाला कधी एवढी फुगी आली नव्हती. काम सुंदर झालं. हे मी थापेत सांगत नाही, सुंदर झालं. मान जराशी वळवून घेतली, आईकडे पाहिल्यासारखी. तेवढं कोणी सांगितलं नव्हतं. ते मला आपलं आपण सुचलं.

मी आयुष्यभर माणसांना थापा मारल्या. माणसं अर्ध्या ठेवतात, अर्ध्या टाकतात. ही एकच मी दाभणाने शिवली, आणि ती ज्या जिवाला मारली त्याने ती पुरी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारडू उजव्या हाताखाली धरून गोठ्यात गेलो. चंद्रीने मान वळवली. हुंगलं. घशातून एक बारीक आवाज काढला, तो मी तिच्या तोंडून आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मग ती चाटायला लागली. जानू खाली बसला, आणि चरवीत धार वाजली.

जानूने माझ्याकडे पाहिलं नाही.

आक्काने त्या दिवसापासून मला ओसरीवर वाढायला सुरुवात केली. आंघोळ करून आलो तरी भात वरून पडायचा, माझ्या पानाला तिची पळी लागायची नाही. धार काढायच्या वेळी ती गोठ्याकडे येत नसे. चंद्री तिच्या मागे हिंडायची थांबली होती. आता तिला गोठ्यात काम होतं.

कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. रोज सकाळी मी मीठ चोळायचो, पारडू कडेवर घ्यायचो, धरून उभा राहायचो. थंडीत तिच्या नाकातून वाफा यायच्या. खरखरीत जीभ कातड्यावर फिरायची आणि कातड्यावरून घसरून माझ्या दंडावर यायची. मी हलायचो नाही. हललो तर पारडू हलेल, पारडू चुकीचं हललं तर तिला कळेल, असं वाटायचं. बाहेर मालधक्क्यावर गठ्ठे चढत होते. एका वाघिणीत गवत, दुसऱ्या डब्यात चरव्या, आणि बैलबाजारातून येणारी भाकड जनावरं मागच्या वाघिणींत. सगळं एकाच रुळांवरून, एकाच बाजूला. परत येणाऱ्या गाडीत काय यायचं ते आठवत नाही.

पारनाक्याच्या कट्ट्यावर मी या पारडाची गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगितली. आवाज काढून, अंगविक्षेप करून. तिचा शेवट असा: एका सकाळी चाटता चाटता शिवण उसवते, पोटातून गवत बाहेर येतं, चंद्री थांबते, हुंगते, माझ्याकडे बघते, आणि आपल्या पोराचं पोट सावकाश खाऊन टाकते! वरून ढेकर देते! इथे कट्टा हसून खाली पडायचा. एक म्हातारा पेन्शनर तर दर पंधरा दिवसांनी खास ही ऐकायला यायचा.

शिवण उसवली हे खरं. माघातली गोष्ट. पोटाची सुतळी कुजली होती, गवत बाहेर लोंबलं. चंद्रीने हुंगलं. ती उपाशी होती, गव्हाणीत नुसता शिळा पेंढा होता, आणि समोर हे पहिल्या कापणीचं गवत. तिने तोंड बाजूला घेतलं. खाल्लं नाही. गवत जमिनीवर पडलं ते जिभेने सारून सारून ती परत कातड्याखाली लोटत होती. बराच वेळ.

जानूने ते सगळं गोळा केलं आणि खाडीत टाकून आला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. दाभण होतं, कातडं नव्हतं. मी रिकाम्या हातांनी गोठ्यात गेलो, फक्त जानूला सांगायला की आज राहू दे. चंद्रीने मान वळवली. माझ्या उजव्या हाताला नाक लावलं. चार महिने मी पारडू त्याच हाताखाली धरत होतो. मीठ, राख, कातडं, काय काय त्या हातात मुरलं असेल. तिने हात चाटायला सुरुवात केली. कोपरापासून मनगटापर्यंत, पुन्हा कोपरापासून. घशातून पुन्हा काही आवाज येईल म्हणून मी वाट पाहिली. तो आला नाही. पण पान्हा आला.

"नाना," खालून जानू म्हणाला, "आता तू हाय पारडू."

त्याने ते हसत म्हटलं की कसं, मला कळलं नाही. त्याची पाठ माझ्याकडे होती.

होळीपर्यंत तसंच चाललं. रोज सकाळी मी हाताला मीठ लावून उभा राहायचो. कातडी सोलून निघाली, त्यावर मीठ, त्यावर जीभ. झोंबायला हवं होतं. पहिले आठ दिवस झोंबलं. मग झोंबायचं थांबलं, आणि ते परत कधी सुरू झालं नाही. आजही त्या हातावर कोपराच्या खाली निखारा ठेवला तर मला कळणार नाही. वैद्य म्हणतात, तुम्हाला उगाच वाटतं. वैद्यांनी निखारा ठेवून पाहिलेला नाही.

होळीच्या सुमारास ती आटली. आणि आक्का ठाण्याला चुलतबहिणीकडे मुंजीसाठी चार दिवस गेली.

चारा नव्हता, हे खरं. चारा नव्हता म्हणून विकली, हे खोटं. खुंटा एक होता आणि मुंबईच्या दूधवाल्यासाठी मला ताजी व्यालेली म्हैस बांधायची होती. मी ती ठरवून टाकली होती. हेड्या दुपारी आला, दावं सोडलं, ओढलं. चंद्री पाय रोवून उभी राहिली. त्याने काठी उचलली. जानूला म्हटलं, तू ने तिला, तुझ्या मागे येईल.

"मी नाय," जानू म्हणाला. "मना सांगू नको, नाना. माज्या हातून नाय व्हायाचा."

तो खाली बसून राहिला. मग मी आत गेलो, मिठाच्या मडक्यात हात घातला, बाही वर केली आणि तिच्यापुढे हात धरला.

ती आली. आळीतून, पारनाक्यावरून, तळ्याच्या काठाने, मालधक्क्यापर्यंत. दाव्याला ओढ नव्हती. मी पुढे, हात मागे, ती चाटत चाटत मागे. ओळखीचे लोक भेटले. एक जण म्हणाला, "काय नाना, सासरी पाठवणी काय?" मी काहीतरी उत्तर दिलं, तो हसला. वाघिणीला फळी लावलेली होती. फळीवर जनावर बुजतं, तिथे मार खातं. चंद्री बुजली नाही. मी आधी वाघिणीत चढलो, ती माझ्यामागे चढली. आत गवताचं कूस पडलेलं होतं, आदल्या खेपेचं. मी बाजूने उतरलो. दार लागलं. तिथला हमाल म्हणाला, इतकी गुणी म्हैस आजवर चढली नाही.

मी घरी आलो, आंघोळ केली आणि जेवलो. पोटभर जेवलो.

आक्का परत आली. रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं. मी तिने विचारायच्या आधीच सुरू केलं. विकली नाही गं, दिली. शहाडला एका पाटलाकडे. उल्हासच्या काठाला त्याचं कुरण आहे, ठेकेदाराला दिलेलं नाही. गवत हे असं कमरेएवढं. डुंबायला नदी, तळ्यासारखं घाण पाणी नाही. पाटलीण मोठी मायाळू. मी बोलत गेलो आणि ते कुरण इतकं हिरवं झालं की मलाच तिथे जाऊन बसावंसं वाटलं.

आक्का म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून तिने मला पुन्हा आत बसवून वाढलं.

पुढच्या अश्विनात कोणाकडून तरी चीक आला. तिने वाटी ठेवली आणि विचारलं, "शहाडची काय खबर रे?" मी खबर दिली. चंद्री व्याली. पाटलाने सगळ्या वाडीला खरवस वाटला. त्याच्या पुढच्या वर्षी पुराचं पाणी चढलं, ही पोहून पलीकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी परत आली. एका वर्षी पाटलाच्या मुलीच्या लग्नात तिच्या शिंगांना रंग लावला. अशी पंधरा-सोळा वर्षं. इतक्या वर्षांत कोणतीही म्हैस म्हातारी झाली असती. शहाडच्या गवतात काहीतरी गुण असावा.

आता विनायकाकडे येतो. तो अजून ओसरीवर उभा आहे.

"पारडू गेलं हो आमचं," तो म्हणाला. "रेडाच होता, पण ती पान्हा सोडत नाही. नाना, तुम्ही पूर्वी पेंढ्याचं पारडू केलं होतं म्हणे. कट्ट्यावर तुमची ती गोष्ट ऐकलीय मी. तेवढं करून द्याल का? निदान कसं करायचं ते तरी सांगा. मीठ कुठे लावायचं, मान कशी ठेवायची."

त्याच्या मागे, त्याच्या परसातून म्हैस रेकत होती. दुसरा दिवस असावा.

मी तोंड उघडलं. मला वाटतं, मी गोष्टच सुरू करणार होतो, ढेकरापर्यंतची. सवय. पण उजवा हात पाटाच्या कडेवर पडला होता आणि मी त्याच्याकडे पाहत राहिलो. आक्का माझ्या मागे उंबऱ्यात होती. तिने विनायकाला म्हटलं, अगदी साध्या आवाजात, एखाद्याला बाजारातला भाव सांगावा तशी:

"याच्याकडून नको रे करून घेऊस. हा पारडू फार चांगलं करतो. मग ते वर्षानुवर्षं चाटत बसावं लागतं."

विनायक हसला. त्याला वाटलं, म्हातारीही भावासारखीच आहे. "बघतो, आणखी कोणाला विचारतो," असं म्हणून तो गेला.

शहाड काही काशी नव्हे. जेवण करून निघालं तर दिवेलागणीच्या आत जाऊन परत येता येतं. इतक्या वर्षांत आक्काने एकदाही म्हटलं नव्हतं की चल, तिला बघून येऊ. मी ते माझं नशीब समजत होतो.

मी मागे वळून पाहिलं नाही. ती येऊन पुढ्यात बसली. खरवसाची वाटी अजून तिथेच होती, वडीला पाणी सुटलं होतं, कडेला एक माशी बसली होती. आक्काने पदराने माशी हाकलली. वाटी माझ्याकडे जराशी सरकवली. पलीकडे म्हैस रेकायची थांबली होती.

"शहाडची काय खबर रे?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. दर वर्षी पाहते तशीच.

"व्याली," मी म्हणालो.

"काय झालं?"

"रेडी."

"रेडी?" आक्का म्हणाली. "मग जगेल."